बसवतात ते मेल्यावर

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीपाशी उजेडात धरला आणि म्हणाले, "छान. हाड जुळलं." माझा मुलगा सिद्राम कॉटशेजारी उभा होता, त्याने हात जोडले. मग डॉक्टरांनी चादर बाजूला केली, माझी मांडी दोन बोटांत धरून फडक्यासारखी हलवली आणि तशाच शांत आवाजात म्हणाले, "पण मांस गेलंय. आता हे हाड उचलणार कोण?"

नव्या पेठेत एका कापडाच्या दुकानात माझी पस्तीस वर्षं गेली. माप घेतल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. संध्याकाळी सिद्रामला घरून टेप आणायला लावली. मोडलेली उजवी मांडी तेरा इंच भरली. ती बारीक होणार हे मी धरूनच चाललो होतो. पण चांगली डावी मांडीसुद्धा चौदाच भरली. मी टेप पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा चौदाच. मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतो तसा मी आटलो होतो, आणि हे धुणं कधी झालं याचा मला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हे दोन महिन्यांतलं नाही. आधीपासून चाललंय. पाय मोडायच्या आधी घरी काय काम करत होता?"

मी तोंड उघडायच्या आत सिद्राम अभिमानाने म्हणाला, "काही नाही, साहेब. आम्ही त्यांना इकडची काडी तिकडं करू देत नाही."

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढच्या कॉटकडे गेले. माझ्या दुखण्याचं खरं निदान ते. कागदावर मात्र मांडीचं हाड मोडलं एवढंच लिहिलंय.

कूड्री

आमच्या घरात कानडी बोलतात, उंबऱ्याबाहेर मराठी. कानडीत वडीलधाऱ्याला 'कूड्री' म्हणतात, म्हणजे 'बसा'. दुष्काळ सरला त्या साली मी दुकान सोडलं. मालकांनी शाल आणि नारळ दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागे लागला. पाण्याचा तांब्या घ्यायला उठलो, "कूड्री, अप्पा, मी देते की." पिशवी घेऊन भाजीला निघालो, "कूड्री, मी जातो." गल्लीतली माणसंसुद्धा मला पाहिलं की ओट्यावर जागा करायची. "बसा, अप्पा. लई कष्ट केले तुमी."

खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. पस्तीस वर्षं गिऱ्हाईक आलं की उठ, वरच्या फळीवरचा तागा काढ, खाली बस, पसंत नाही म्हटलं की पुन्हा उठ. दिवसातून किती वेळा व्हायचं ते कोण मोजतंय? ती उठबस म्हणजे गुलामी, असं मी समजत होतो. आता मुलगा कोर्टात कारकून, सून महानंदा अक्कलकोटकडची, गुणाची. आता बसायचं. माझे पाय माझ्या डोळ्यांदेखत रिकामे होत होते आणि मी त्याला मान म्हणत होतो.

पहिली खूण जेवताना दिसली. पाटावरून उठताना हात टेकायला लागला. मग एक हात पुरेना, दोन्ही लागले. मग सिद्रामने टेबल-खुर्ची आणली. बाकीचे खाली पंगतीला बसायचे आणि मी वर, एकटा, जिल्हाधिकाऱ्यासारखा. घरात सगळ्यांना कौतुक. फक्त गौरव्वा, माझी बायको, भाकरी वाढताना एकदा म्हणाली, "तुमचं उठणं म्हाताऱ्या बैलागत झालंय, लक्ष हाय का?" मी तिच्यावर खेकसलो. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

तिला स्वतःला आयुष्यात कुणी 'कूड्री' म्हटलं नव्हतं. मीही नाही. साठीला आली होती, तरी नळाचं पाणी तीच भरायची, चटणी तीच कुटायची, जोंधळ्याच्या भाकऱ्या तीच थापायची. हे मला आज लिहिताना दिसतंय. तेव्हा दिसलं नव्हतं.

मी न्हाणीत पडलो. लोकांना सांगितलं की घसरलो, ओल्या फरशीला बोल लावला. फरशी ओली होती, पण मी घसरलो नव्हतो. आंघोळ करून पाटावरून उठायला गेलो आणि पाय उठलेच नाहीत. अर्ध्यावर मांड्या थरथरल्या आणि मी तसाच कुशीवर आदळलो. फांदी मोडावी तसा आवाज झाला. आजवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

विटा

सरकारी दवाखान्यात पायाला पट्टी बांधून दोरी कप्पीवरून खाली सोडली होती आणि तिला विटा टांगल्या होत्या. त्या विटा माझा पाय ओढून धरायच्या आणि मी छताकडे पाहायचो. पहाटे अंग पुसायचं, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारी पाठीला पावडर, कारण पाठ सोलवटायला लागली होती. सगळ्यात भीती वाटायची ती भांड्याची. ज्याने कधी पडल्या पडल्या भांडं मागितलं नाही, त्याला ती भीती सांगून कळायची नाही. 'भांडं' म्हणायचं, आणि कुणी तरी येईपर्यंत वाट पाहायची, आणि आलेलं माणूस कोण आहे ते बघायचं नाही.

शेजारच्या कॉटवर मोहोळकडचा धोंडिबा होता. रेल्वेच्या रुळांवर खडी सारखी करणाऱ्या टोळीत त्याची नोकरी झालेली. सत्तरीचा, बौद्ध, सकाळी डोळे उघडले की हळू आवाजात बुद्धवंदना म्हणायचा. त्याचंही हाड तेच, माझ्याच जागी मोडलेलं. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई यायच्या. त्या सांगायच्या, चांगला पाय उचला, मोडलेल्या पायाचा गुडघा गादीत दाबून धरा, हातांनी वरची कांब धरून अंग उचला. धोंडिबा सांगितलेलं सगळं करायचा, वर दोन जास्त. मी बाई गेल्या की थांबायचो.

"अप्पा, दाबा की गुडगा," तो म्हणायचा.

"दुखणेकऱ्याने पडून राहावं," मी म्हणायचो. "व्यायाम पोरांनी तालमीत करावा."

"रुळावरनं गाडी गेली न्हाय की गंज चढतुया. मानसाचं बी तसंच हाय."

त्याचं पटायला लागलं होतं. चारदोन दिवस मीही दाबला गुडघा. मग धोंडिबाला ताप आला, छाती भरली, आणि पाचव्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला तो गेला. त्याची सून पायाशी बसून नुसती त्याच्या पोटऱ्या चेपत होती. दुपारी गादी उन्हात टाकली आणि संध्याकाळी त्या कॉटवर दुसरा माणूस आला.

मी व्यायाम सोडला. एवढा करणारा गेला, मग करायचा कशाला? हा हिशेब मला तेव्हा अगदी बिनचूक वाटला. हे वाचणाऱ्या दुखणेकऱ्यांपैकी पुष्कळांनी तो मनात केला असेल, म्हणून लिहून ठेवतो.

भोकाची खुर्ची

हाड जुळवून, मांस घालवून मला घरी आणलं. कुबड्या दिल्या होत्या, पण कुबड्या धरायला आधी उभं राहावं लागतं. गौरव्वा मला काखेत हात घालून उचलायची, बसवायची, भांडं द्यायची, न्यायची, धुऊन आणायची. मागच्या अंगणात आमचा संडास, दोन पायऱ्या चढून. तिथवर मी कुबड्यांवर गेलोही असतो, पण खाली बसलो की उठवायला माणूस लागणार. एवढ्याशा दाराच्या खोलीत दुसरं माणूस मावत नाही.

एक दिवस गौरव्वाला माढ्याला जावं लागलं, तिच्या बहिणीच्या घरी मयत झालं होतं. सिद्राम कोर्टात. दुपारी मला भांडं लागलं. मी तास-दोन तास कळ काढली. शेवटी महानंदा स्वतःच आली. तिने पदर तोंडाला लावला नाही, मान तेवढी भिंतीकडे फिरवली. "अप्पा, मी लेकच की तुमची," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. मी दुसऱ्या भिंतीकडे पाहत होतो. दोघांनाही रडू येत होतं आणि दोघांनीही ते एकमेकांना दाखवलं नाही.

त्यानंतर मी जेवण तोडलं. पाणी घोटभर प्यायचो. पोटात गेलंच नाही तर बाहेर यायचा प्रश्न नाही, असं माझं शहाणपण. गौरव्वा परत आली तेव्हा माझे ओठ फुटले होते. महानंदाने तिला काय झालं ते सांगितलं.

सिद्रामने त्यावर उपाय शोधला. सुताराकडून सागवानी खुर्ची करवून आणली, बैठकीत गोल भोक, खाली भांडं ठेवायला कप्पा. काम सुबक होतं. त्याने ती माझ्या कॉटशेजारी ठेवली आणि म्हणाला, "आता अप्पांना जन्मात खाली बसायला नको."

गौरव्वा चुलीपुढून उठून आली. खुर्चीला एक प्रदक्षिणा घातली. मग तिने ती उचलून स्वयंपाकघरात नेली आणि भोकात पाण्याची घागर ठेवली.

"घागर बरी बसती," ती म्हणाली. "तुझ्या अप्पांचं मी बघती."

"आई, हाल करायलीस तू त्यांचे," सिद्राम ओरडला. आईपुढे तो कधी एवढ्याने बोलला नव्हता. "बसू दे की त्यांना सुखानं!"

"आमच्यात बसवतात ते मेल्यावर," गौरव्वा म्हणाली. "तवर उठायचं."

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून, भिंतीला टेकवून बसवतात, आणि बसलेलंच मातीत ठेवतात. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना जन्मापासून माहीत होती. 'कूड्री, कूड्री' म्हणताना ती कुणाला आठवली नव्हती.

पाट

दुसऱ्या दिवसापासून तिने सुरू केलं. पत्र्याची पेटी आणली, तिच्यावर घरातले पाचही पाट एकावर एक रचले आणि मला त्यांच्यावर बसवलं. उंच होतं, जवळजवळ उभाच होतो. मग ती समोर उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, आणि म्हणाली, "एळ्री." म्हणजे उठा.

मी हात पुढे केला. तिने तिचा दिला नाही.

"अगं, धर की!"

"एळ्री."

मी तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांपुढे गिळलेलं सगळं तिच्या अंगावर ओतलं. शेजारणी खिडकीतून ऐकायच्या आणि म्हणायच्या, काय दगडाच्या काळजाची बाई हाय. ती ढळली नाही. दहा वेळा उठवायची, दहा वेळा बसवायची, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. पाचावर जमलं की एक पाट काढायची. तो धुऊन, पुसून भिंतीला लावून ठेवायची. दुखायचं असं, की बायकापोरांसमोर मी ओक्साबोक्शी रडलो आहे. मांड्यांत आग पेटायची. पण पंधरा दिवसांनी चार पाट होते, मग तीन. एक दिवस तिने पाट ठेवले आणि पेटीच काढून घेतली. मग पुन्हा पाचापासून, जमिनीवर.

अडीच-तीन महिन्यांनी उजव्या मांडीला टेप लावली. सोळा. मी तिला हाक मारून दाखवली. "कापड वाढलं की," ती म्हणाली आणि हसली. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, तरी तिचं असं हसणं मी क्वचितच पाहिलं असेल.

त्या दिवसांत ती डाव्या दंडाला तेल चोळत बसायची. विचारलं तर म्हणायची, "तुमाला उचलून भरलाय." मला खरं वाटलं. मला ते खरं वाटून घेणं सोयीचं होतं.

शेवटी एक पाट उरला. बोटभर उंचीचा. त्याच्यावरून मी हात टेकून, गुडघ्यावर जोर देऊन, कसाबसा उठायचो. संडासात आता एकटा जात होतो, खिडकीचा गज धरून उठत होतो. "सोमवारी हा बी काढू," ती म्हणाली.

रविवारी सकाळी परात पडल्याचा आवाज आला. महानंदा किंचाळली. मी कुबडी शोधून स्वयंपाकघरात जाईपर्यंत तव्यावरची भाकरी करपून काळी झाली होती. डॉक्टर आले तेव्हा त्यांच्यासाठी काही उरलं नव्हतं. छातीचा झटका, म्हणाले.

तिने मला उचललं म्हणून ती गेली का? गल्लीत तसं बोललं जातं. सिद्राम बोलला नाही, पण कित्येक दिवस माझ्याकडे पाहताना त्याची नजर बाजूला सरायची. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही. जे आहे ते एवढंच आहे की दंडाला तेल लावणाऱ्या बायकोला मी एकदाही 'कूड्री' म्हटलं नाही.

जमीन

तिला हिरवं इरकल नेसवलं. कपाळभर विभूती, वर मळवट, डाव्या तळहातावर लिंग. बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून मांडी घालून बसवली. मान ढळू नये म्हणून मागून एक पांढरी पट्टी घेतली होती. कापड हलकं होतं, ते माझ्या लक्षात आलं आणि लक्षात आलं म्हणून माझा मलाच राग आला.

सिद्रामने माझ्यासाठी खुर्ची आणली. मी नको म्हटलं. चाळीस वर्षं आम्ही एकमेकांसमोर कधी निवांत बसलो नव्हतो. ती खाली बसलेली, आणि मी वर बसू? दोघांनी काखेत धरून मला तिच्यासमोर घोंगडीवर उतरवलं. भजन चाललं होतं. मी किती वेळ तसा बसलो होतो ते ठाऊक नाही.

मग विधी सांगणारे जंगमस्वामी म्हणाले, "अप्पा, या. शेवटची विभूती तुमच्या हातची."

तेव्हा मला कळलं की मी जमिनीवर आहे. खाली पाट नव्हता. सोमवार उजाडायचा होता.

चारही बाजूंनी हात आले. "बसा, बसा अप्पा, आमी उचलतो." सिद्राम वाकला. मी त्याचा हात बाजूला केला. बायका कुजबुजल्या, दुःखानं डोकं फिरलंय. मी डावा गुडघा टेकला, दोन्ही तळवे घोंगडीवर दाबले आणि जोर केला. अर्ध्यावर गेलो आणि खाली आलो. भजन थांबलं. दुसऱ्यांदा त्याच्याही खाली राहिलो. मांड्या न्हाणीतल्यासारख्या थरथरत होत्या, आणि मला वाटलं, नाही व्हायचं हे, घ्यावा पोराचा हात, आजच्या दिवशी कोण नावं ठेवणार आहे? समोर ती बसली होती. पहिल्यांदाच काही न बोलता.

मागून महानंदाचा आवाज आला. रडून बसलेला, पण ऐकू येईल एवढा. "एळ्री, अप्पा."

तिसऱ्यांदा मी उठलो. चांगला उठलो नाही. वाकडा, कण्हत, भिंतीला हात घालत उठलो. पण कुणाचा हात घेतला नाही. तीन पावलं चाललो आणि गौरव्वाच्या कपाळाला विभूती लावली. कपाळ गार होतं.

आता वर्ष होत आलं. सकाळी दहा वेळा आणि संध्याकाळी दहा वेळा मी जमिनीवर बसतो आणि उठतो. नळाची एक घागर मी आणतो आणि भोकाच्या खुर्चीत ठेवतो. जोर काढले तर आयुष्य वाढतं असं तुम्हाला कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. धोंडिबा काढत होता, तो गेला. गौरव्वाएवढं अंग राबवणारं मी कुणी पाहिलं नाही, तीही गेली. बसून खाणारा मी मागे राहिलो. एवढंच खरं आहे की मी भांडं मागत नाही, आणि महानंदाला मान भिंतीकडे फिरवावी लागत नाही. तुमच्या घरात मानाने बसवलेलं एखादं म्हातारं माणूस असेल, तर त्याच्या हातात उद्या सकाळी भाजीची पिशवी द्या. तो चिडेल. चिडू द्या.

अजून एक गोष्ट होते. उठायला जोर लावला की माझा उजवा हात आपोआप पुढे जातो, ती उभी राहायची त्या बाजूला. तिथे कुणी नसतं. पण हात तर ती तेव्हाही देत नव्हती.